मोटरची सायकल आणि भातसेपलीकडचा माळ

खडवलीला नदीच्या पलीकडे एक माळ आहे. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की तिथून माहुलीचे सुळके अगदी समोर दिसतात. आमच्या डोंबिवलीतली माणसं खडवलीला जातात ती नदीत डुंबायला, आणि संध्याकाळी परत येतात. माळापर्यंत सहसा कोणी जात नाही. अजित आणि मी मात्र लग्नानंतर कितीतरी हिवाळे तिथे सायकलवरून गेलेलो. यंदा पुन्हा गेलो. यंदा जाण्याआधी एक सायकल बनवावी लागली, म्हणून हे प्रवासवर्णन खडवलीपासून सुरू न होता ठाण्यातल्या एका शेडपासून सुरू होतं.

अजित माझा नवरा. कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी वर्गात शिकवताना त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत अँजिओप्लास्टी झालेली होती. त्यातून तो बरा झाला, शाळेतही जायला लागला. पण घरी आला की गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. त्याची सायकल तिथेच भिंतीला लावलेली असायची. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, डोंगरातली, त्याने हौसेने घेतलेली. तो तिच्याकडे पाठ करून बसायचा. एकदा मी टायरमध्ये हवा भरायला घेतली तर म्हणाला, "कशाला भरतेस? विकून टाकू."

मी त्याच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सायकल चालवू दे, सपाटीवर काहीच हरकत नाही. चढावर मात्र हृदयावर ताण नको. नाडी एकशे वीसच्या वर जाता कामा नये. गेली की उतरायचं आणि बसायचं. मी विचारलं, चढावर मोटरने मदत केली तर? त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग मोटरला सांगा एकशे वीसच्या आत ठेवायला.

हे मी घरी सांगितलं. त्या रात्री जेवताना अजितने विचारलं, "बॅटरी कुठे बसवणार? मधे तर शॉकअप आहे."

वागळे इस्टेट

तोच खरा प्रश्न होता. साध्या सायकलच्या मधल्या त्रिकोणात बॅटरी सहज मावते. या सायकलच्या त्रिकोणात मागचा शॉकअप असतो, आणि खड्डा आला की त्याच्याबरोबर मागचा अख्खा सांगाडा हलतो. जिथे म्हणून जागा दिसते तिथे काहीतरी हलणारं येऊन आपटणार. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मशीनचे भाग कॉम्प्युटरवर डिझाईन करते, त्यामुळे कागदावर मला सगळं सोपं वाटत होतं. मी सायकलची मापं घेतली, चित्रं काढली आणि गिरीशकडे गेले.

गिरीश गावकर पूर्वी माझ्याच कंपनीत होता. आता तिथून दोन गल्ल्या सोडून त्याची स्वतःची शेड आहे. लेथ, मिलिंग मशीन, दाराशी एक जास्वंद आणि आत कायम चालू असलेला रेडिओ. त्याने चित्रं पाहिली, सायकल उलटी केली, पेडलच्या कण्याजवळ बोट ठेवलं. मोटर तिथे बसणार होती, पेडललाच मदत करणारी, अडीचशे वॉटची, लायसन लागत नाही तेवढीच. मी तिथे पट्टी वेल्ड करायची असं काढलेलं. गिरीश म्हणाला, फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, वेल्डिंगच्या उष्णतेने ती त्या जागी कमकुवत होईल, आणि उतारावर मोडली तर अजितचं काय होईल ते तूच बघ. मग आम्ही दोघांनी बसून दोन तुकड्यांचा शिकंजा डिझाईन केला, नळीला दोन्ही बाजूंनी पकडणारा. तो घडवण्यात त्याचे तीन रविवार गेले. बॅटरी खालच्या नळीच्या पोटाशी बसवायची आणि दगड लागू नयेत म्हणून तिच्याखाली पत्र्याची ढाल, असं ठरलं.

अजित पहिल्या रविवारी आला नाही. दुसऱ्या रविवारी आला आणि बाहेर जास्वंदीपाशी उभा राहिला. तिसऱ्या रविवारी मी चहा घेऊन परत आले तर तो जमिनीवर मांडी घालून बसलेला, हात काळे झालेले, आणि गिरीशशी वाद घालत होता की चेन सरळ येत नाही, वॉशर टाकायला हवा. मी चहा तिथेच ठेवला आणि पुन्हा बाहेर गेले. डोळे पुसायला कारण हवं होतं, ते तिथे ग्राइंडरच्या धुळीत मिळालं.

विठ्ठलवाडी

बॅटरी आमच्या मापाची तयार मिळत नव्हती. विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडे रिक्षांच्या बॅटऱ्या बनवणारे एक संजूभाई आहेत, त्यांचं नाव कोणीतरी सुचवलं. संजूभाई सिंधी, उल्हासनगरचे, पन्नाशीचे, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारे. मी त्यांना माप दिलं. त्यांनी आधी विचारलं, चलाएगा कौन? मी सांगितलं. मग त्यांनी बॅटरीचं सोडून अजितच्या तब्येतीचंच विचारायला सुरुवात केली. त्यांच्या मोठ्या भावाचीही अँजिओप्लास्टी झालेली. तो आता घरातून बाहेरच पडत नाही, म्हणाले.

बॅटरी लांब, अरुंद, घोरपडीसारखी झाली. संजूभाईंनी निघताना दोन गोष्टी बजावल्या. चार्जिंगला लावून झोपायचं नाही. आणि बॅटरी-मोटरच्या मधला प्लग सैल झाला तर वापरायची नाही, "वो बंद पड़ेगी तो ठीक है, पर चिंगारी आई तो गडबड है."

आमच्या सोसायटीत ही बातमी आमच्याआधी पोचली. सेक्रेटरी वर आले, अदबीनेच बोलले, पण बॅटऱ्या पेटल्याचे व्हिडिओ त्यांनी मोबाईलवर आणलेलेच होते. मी त्यांना शब्द दिला की दिवसा, गॅलरीत, समोर कोणीतरी बसलेलं असतानाच चार्ज करू. तेव्हापासून शनिवार दुपारी मी गॅलरीत बॅटरीसमोर पुस्तक घेऊन बसायचे, आणि एकही पान उलटायचं नाही.

पहिली चाचणी वागळे इस्टेटच्या रस्त्यावर झाली. रविवारी कारखाने बंद असतात, रस्ता मोकळा असतो. अजित बसला, दोन पेडल मारले आणि सायकल अशी निघाली की गिरीशने टाळी वाजवली. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर मागचा शॉकअप दबला, काहीतरी कट्कन वाजलं आणि मोटर झटका देऊन थांबली. अजित हँडलवर छातीने आदळला. मी धावले. त्याला काही झालेलं नव्हतं, पण मी त्याच्या शर्टाची बटणं भर रस्त्यात उघडून बघत होते आणि तो माझे हात बाजूला करत होता. हलणाऱ्या सांध्यात वायर सापडून कापली गेलेली. गिरीशने वायरचा रस्ता बदलला आणि प्लग नळीवर घट्ट बांधला. पुढच्या चाचण्या सगळ्या चांगल्या झाल्या. तरी स्पीडब्रेकर दिसला की मी आधीच ओरडायचे.

डोंबिवली ते खडवली

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एका शनिवारी सकाळी निघालो. अजितच्या छातीला पट्टा होता, नाडी मोजणारा. त्याचा आकडा माझ्या मनगटावरच्या घड्याळात दिसायचा. घड्याळ त्यानेच वापरायचं असं कंपनीने धरलेलं असणार, पण मी ते मागून घेतलेलं. तो म्हणाला, स्वतःचा आकडा बघत बसलो तर रस्ता कधी बघू? एकच अडचण होती. दोघांमध्ये आठदहा मीटरपेक्षा जास्त अंतर पडलं की आकडा जाऊन तिथे दोन रेघा यायच्या. म्हणजे त्याच्या मोटरच्या सायकलला माझ्या बिनमोटरच्या सायकलने गाठून राहायचं.

कल्याण ओलांडेपर्यंत ट्रकांचा धूर खात गेलो, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. शहाड मागे पडलं आणि श्वास घेता येऊ लागला. टिटवाळ्याला थांबून इडली खाल्ली. एक गृहस्थ देवळातून दर्शन घेऊन येत होते, त्यांनी मोटर बघितली आणि अजितला म्हणाले, म्हणजे फुकटचं चालवताय! अजितचा चेहरा उतरला. मला त्या माणसाला बरंच काही सांगायचं होतं, पण अजितनेच सांगितलं, शांतपणे, मोटर काय करते आणि का बसवली ते. गृहस्थांनी आमच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला. पेढा अजितला चालत नाही. त्याने खाल्ला.

टिटवाळ्यापुढे रस्ता शेतांमधून जातो. भात निघून गेलेलं, रिकाम्या खाचरांत वाल पेरलेला, बांधांवर शेंगा तोडणाऱ्या बायका. इथे एका खड्ड्यात अजितची सायकल आपटली आणि हँडलवरचा डिस्प्ले काळा झाला. मोटर बंद. सपाटी होती, म्हणून घाबरायचं कारण नव्हतं. त्याने उतरून प्लग दाबला, डिस्प्ले पुन्हा लागला. ठिणगी नव्हती, वास नव्हता, गरम काही लागलं नाही. तो म्हणाला, बसला आता नीट. मी म्हटलं, परत फिरूया. तो म्हणाला, आज सपाटीच आहे, उद्याचं उद्या ठरवू.

खडवली

मुक्काम नामदेवकाका पाटलांकडे होता. नामदेवकाका अजितच्या शाळेत शिपाई होते, निवृत्त होऊन गावी आलेत. घर आगरी, भरलेलं. ओटीवर भाताची पोती आणि अंगणात वालाचा ढीग. त्यांच्या बायकोने, सुगंधाकाकूंनी, आम्ही हातपाय धुईपर्यंत चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या. आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्याकडे खोबऱ्याशिवाय कालवण म्हणजे पाणी. इथे खोबऱ्याचा पत्ताच नव्हता. त्यांचा लाल मसाला, लसूण, आणि त्यात वांग्याबरोबर शिजलेला सुका बोंबील. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली आणि दुसरा घास मी लगेच घेतला.

मग मला सुक्या मासळीतलं मीठ आठवलं. अजितच्या ताटाकडे माझं लक्ष गेलं, तसं काकूंचंही गेलं. मी हळूच सांगितलं. त्यांनी त्याच्या ताटातला बोंबील उचलला आणि उकडलेले वाल वाढले, वर कच्चा कांदा. अजित माझ्याकडे बघत नव्हता. नामदेवकाकांना मात्र राहवलं नाही. ते म्हणाले, सर शाळेत हजार पोरांना दटावायचे, आता त्यांना दटावणारं कोनीतरी भेटलं. सगळे हसले. अजितही हसला, पण झोपायच्या आधी मला म्हणाला, "मंजिरी, मला दिवसभर कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं गं."

मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं.

सकाळी त्याने ओटीवर बसून प्लग पूर्ण उघडला, साफ केला, टेपने गुंडाळून पुन्हा बांधला, आणि अंगणात सायकल उचलून पुन्हापुन्हा आपटून दाखवली. डिस्प्ले एकदाही गेला नाही. "आता सांग," तो म्हणाला. मी म्हटलं, चल.

माळ

भातसा पुलावरून ओलांडली. नदी खाली हिरवी, संथ होती आणि काठावर धुणं चाललेलं. पलीकडे डांबरी संपून मातीची वाट लागते आणि थोड्याच वेळात चढ सुरू होतो. या चढाची मला महिनाभर झोपेत स्वप्नं पडत होती. अजित पुढे, मी मागे. मोटर बारीक गुणगुणत होती. घड्याळात ब्याण्णव, शहाण्णव, शंभर. माझी नाडी कोणी मोजत नव्हतं. मोजली असती तर डॉक्टरबाईंनी मला आधी उतरवलं असतं. मी धापा टाकत, दात खाऊन त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहायचा प्रयत्न करत होते आणि तो मागे न बघता विचारत होता, "किती?"

"एकशे चार!" मी ओरडायचे. मग पुन्हा थोड्या वेळाने, एकशे नऊ. एकशे बारा. तिथे मी त्याला थांबायला सांगितलं, आणि खरं म्हणजे मलाच थांबायचं होतं.

वर पोचलो तेव्हा वारा होता. गवत वाळून सोनेरी झालेलं, मधे मधे पळसाला पहिली फुलं, आणि समोर, निळसर हवेत, माहुलीचे सुळके. अजित सायकलवरून उतरला नाही. त्याने मोटर बंद केली आणि माळावर, सपाटीवर, फक्त पायांनी एक मोठी फेरी मारली. तो माझ्यापासून लांब गेला, घड्याळात रेघा आल्या. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो फेरी पूर्ण करून परत आला, रेघांच्या जागी अठ्ठ्याण्णव आला. आम्ही काकूंनी दिलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. मोबाईलला तिथे रेंज आली, मुलीला बंगळुरूला फोटो पाठवला.

इथेच परतलो असतो तर हे वर्णन इथेच संपलं असतं. पण आमची नेहमीची वाट माळाच्या दुसऱ्या बाजूने खाली ओहोळात उतरायची आणि तिथून बैलगाडीच्या रस्त्याने वळसा घालून गावात यायची. उताराला हृदयावर कसला ताण? चढ झालेला होता. माझ्या छातीवरचा धोंडा उतरलेला होता.

ओहोळ

उतारावर मी पुढे झाले. वाट कशी आहे ते आधी मी बघावं म्हणून. पावसाळ्यात वाहून गेलेली वाट, मोकळे खडे, मधे गाडीच्या चाकांनी पडलेल्या आणि उन्हाने कडक झालेल्या चाकोऱ्या. मागे अजितचे ब्रेक कुरकुरत होते. मग ते कुरकुरायचे थांबले. मी मान वळवून मागे बघितलं. तो व्यवस्थित येत होता. पुढचं चाक चाकोरीत गेलं आणि मी हँडलवरून पुढे फेकली गेले.

उजव्या खांद्यावर पडले. गळ्याच्या खाली काहीतरी मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. अजित आला, त्याने सायकल माझ्या अंगावरून काढली. मी उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ओकारी झाली. त्याने मला धरून झाडाशी टेकवलं, स्वतःचं जॅकेट काढून माझा हात गळ्यात बांधला. शाळेत स्काउटच्या मुलांना तो हे शिकवतो. हाड कॉलरजवळ कातडीखाली वर आलेलं त्याला दिसत होतं. मला बघू देईना.

ओहोळात फोनला एकही कांडी नव्हती. खालून गाडीवाटेने गाव लांब, वाटेत ओहोळ दोनदा ओलांडायचा, आणि त्या वाटेने आम्ही दोन वर्षांत गेलेलो नव्हतो. रेंज होती ती वर, माळावर, जिथून आम्ही आत्ताच उतरलो होतो. आणि ही बाजू पहिल्या चढापेक्षा जास्त उभी.

"कोणीतरी येईल," मी म्हटलं. "थांबूया."

"रविवारी भर दुपारी इथे कोण येणार?"

"तू चढायचं नाहीस."

"मग कोण चढणार, मंजिरी?"

मी म्हटलं, मोटर बंद पडली तर सायकल टाकून दे. ढकलत नेऊ नकोस. सावलीत बस. त्याने मान हलवली. घड्याळ काढून त्याला द्यायला गेले, पण ते डाव्या मनगटावर, आणि उजवा हात बांधलेला. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, राहू दे, मला माझी नाडी मोजता येते. मानेवर दोन बोटं ठेवून दाखवली.

मग त्याने बटण दाबलं. डिस्प्ले लागला नाही. त्याने प्लग दाबला, पुन्हा दाबला. लागला. तो निघाला आणि मी घड्याळाकडे बघत राहिले. शहाण्णव. एकशे तीन. एकशे आठ. मग रेघा.

मला प्रवासातल्या जागांचं वर्णन करायला आवडतं, पण त्या ओहोळाचं मला फार सांगता येणार नाही. मुंग्या होत्या. ऊन सरकत होतं आणि मला सरकता येत नव्हतं. सुरुवातीला मोटरचा आवाज वरून येत राहिला. मग तो एकदम थांबला. चढ संपण्याआधीच थांबला, एवढं मला नक्की कळलं.

मी हाक मारायला गेले तर खांद्यात कळ आली आणि आवाज फुटलाच नाही.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. ओहोळाच्या वरच्या अंगाने एक बाई आली, डोक्यावर लाकडांची मोळी. पलीकडच्या पाड्यावरची, चाळिशीची, नाव यमुना, हे मला नंतर कळलं. माझ्याकडे बघून तिने मोळी खाली टाकली आणि आधी मला तिच्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पाजलं. मी पाणी पिता पिताच तिला सांगायला लागले. नवरा वर गेलाय, त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, मोटरचा आवाज बंद झालाय, तू वर जाऊन बघशील का. तिने हात, जॅकेट, सायकल सगळ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "तू हालू नको. मी बघून येतंय."

ती अनवाणी, भराभर वर गेली. तिच्या पायाखालचे दगड घरंगळत खाली येत होते. परत आली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता येईना.

"सायकल हाय," ती म्हणाली. "मानूस नाय. हाका मारल्या. कोन बोललं नाय."

सायकल आहे आणि माणूस नाही. वाटेच्या खाली झुडपं होती, उतार होता. एखादा माणूस तिथे गडगडत गेला तर वरून दिसणारही नाही. मी तिला पुन्हा जायला सांगणार होते, तेवढ्यात काहीतरी सुचलं.

"सायकल पडलीय का? की उभी आहे?"

तिने आठवलं. "झाडाला टेकवलीय. त्याची टोपी हाय ना, ती वरती अडकवलीय. दांडीला."

हेल्मेट हँडलला अडकवलेलं. कोसळणारा माणूस आपलं हेल्मेट काढून हँडलला अडकवून ठेवत नाही. त्याने सायकल ठेवली होती. म्हणजे माझं ऐकलं होतं. मी हे यमुनाला समजावून सांगायला गेले आणि रडायला लागले, आणि रडण्याने हाड हललं की अजून रडू येत होतं. ती माझ्या शेजारी बसली, सावली येईल अशी. एका हाताने माझं डोकं धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या पायांवरच्या मुंग्या झटकत राहिली. तिने तिच्या मुलींचं काहीतरी सांगितलं, वीटभट्टीवर गेल्यात म्हणाली. मला अर्धंच कळलं.

मग घड्याळात आकडा आला. एकशे दहा. मी वर बघितलं तर काहीच नव्हतं, झुडपं तेवढी होती. मग सायकलच्या मोकळ्या चाकाची टकटक ऐकू आली आणि वळणावरून अजित उतरताना दिसला. मोटर बंद, ब्रेक दाबत, हळूहळू, हेल्मेट डोक्यावर.

त्याने पुढे जे सांगितलं ते असं. सगळ्यात उभ्या जागी प्लग गेला. त्याने दाबून बघितला, मग नाद सोडला. सायकल टेकवली आणि चालत निघाला. थोडं चालायचं, बसायचं, मानेवर बोटं ठेवायची, पुन्हा चालायचं. एकदा नाडी जास्त वाटली म्हणून बराच वेळ पडून राहिला, आभाळाकडे बघत. यमुनाच्या हाका त्याच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, वर वारा होता. माळावर रेंज मिळाली, नामदेवकाका शेजाऱ्याचा पिकअप घेऊन गाडीवाटेने निघालेत. सायकल घेऊन खाली यायला मोटर लागणार नव्हती.

हे सगळं तो नीट, क्रमाने सांगत होता, वर्गात सांगतो तसं. त्याचे ओठ पांढरे पडलेले होते. यमुनाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तू पन बस."

कल्याण

पिकअपमध्ये नामदेवकाकांनी आणलेल्या गोधडीवर मला निजवलं. दोन्ही सायकली पायांशी. यमुना मोळी उचलून तिच्या वाटेने गेली. काकूंनी घाईत दिलेली वालाची पिशवी काकांनी तिच्या हातात ठेवली, ती तिने घेतली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होते आणि काका ड्रायव्हरला हळू चालव म्हणत होते.

कल्याणच्या हॉस्पिटलच्या दारात ट्रॉलीवाल्या मावशी पळत आल्या. त्यांनी पिकअपमध्ये बघितलं. अजितचा शर्ट घामाने चिकटलेला, चेहरा राखेसारखा, उघड्या बटणांतून छातीचा पट्टा दिसत होता. त्यांनी सरळ त्याचा दंड धरला आणि त्याला ट्रॉलीकडे न्यायला लागल्या. "चला, आडवे व्हा आधी."

"मावशी, मी नाही," अजित म्हणाला. "पेशंट ही आहे."

कॉलरबोन दोन ठिकाणी मोडलेलं निघालं. खांद्याला पट्टा बांधायला वेळ होता, म्हणून मला पडद्यामागे एका कॉटवर ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याच आग्रहाने अजितचाही ईसीजी काढला. तो ठीक होता. मग तो स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला. पलीकडे कोणाचं तरी बाळ रडत होतं.

"दुखतंय का कुठे?" मी विचारलं.

"हो."

मी उठायला गेले. "कुठे? छातीत?"

"नाही गं," तो म्हणाला आणि दोन्ही मांड्या हातांनी दाबल्या. "पाय. पाय जाम दुखतायत."

वर्षभरात त्याचे पाय दुखले नव्हते. मला हसू आलं, आवरेना, आणि हसताना हाड इतकं दुखलं की मी किंचाळले आणि डॉक्टर पडदा सारून धावत आत आले.